परवाना सरकारचा, उंबरठा आपला

परदेशी शिकावयास जाणे ही आता आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वसईत, पुण्यात, नाशकात आणि आमच्या बडोद्यातही जून-जुलै उजाडला की कोणाच्या ना कोणाच्या घरी मोठ्या बॅगेचे वजन पुन्हा पुन्हा करून पाहिले जाते, लोणच्याची बरणी आत बसवावी की नाही यावर वाद होतो, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मुलगा किंवा मुलगी आशीर्वाद घेण्यास ख्रिस्तमंदिरात येते. विमानतळावरून परतलेल्या आईबापांना वाटते की, व्हिसा मिळाला, पोर पोचले, आता कागदांचा ससेमिरा संपला. परंतु अलीकडे वर्षा-दीड वर्षाने एक नवाच प्रश्न घेऊन हे आईबाप पुन्हा आमच्याकडे येऊ लागले आहेत. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाला एका सत्रापुरते फ्रान्सला जावयाचे असते. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीला तिचे विद्यापीठ काही महिन्यांसाठी स्पेनला पाठवू म्हणते. एका परक्या देशाचा परवाना हाती असताना दुसऱ्या परक्या देशात थोडे दिवस शिकावयाचे, तर काय करावे लागते?

पहिली गोष्ट ही की, एका देशाचा विद्यार्थी-परवाना दुसऱ्या देशात शिकण्यास सामान्यतः चालत नाही. युरोपीय संघातील देशांनी २०१६ साली आपसांत एक नियम करून ही वाट थोडी मोकळी केली. दोन विद्यापीठांत करार असेल, किंवा विद्यार्थी संघाच्या एखाद्या योजनेतून जात असेल, तर पहिल्या देशाच्या परवान्यावरच त्याला दुसऱ्या सभासद-देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येते. मात्र जाण्यापूर्वी दुसऱ्या देशाला तसे कळवावे लागू शकते, आणि तो देश सकारण हरकतही घेऊ शकतो. करार नसेल तर नवा अर्ज करणे आले. आयर्लंड व डेन्मार्क या नियमात नाहीत. इंग्लंड २०२० साली संघातूनच बाहेर पडले. शेंगेन देशांत नव्वद दिवस हिंडण्याची जी सवलत असते ती पाहुण्याची आहे, विद्यार्थ्याची नव्हे. या दोहोंत गल्लत करून पुष्कळ मुले अडचणीत येतात.

अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. तेथे चिंता जाण्याची नसून परत येण्याची असते. मूळ विद्यापीठाच्या संमतीने आणि त्याच्याच पटावर नाव ठेवून बाहेरचे सत्र केले, तर विद्यार्थ्याचा दर्जा टिकतो. तसे न करता पाच महिन्यांहून अधिक काळ तो देशाबाहेर राहिला तर तो दर्जा सुटतो आणि नव्या कागदांपासून आरंभ करावा लागतो. म्हणून आमचे सांगणे असे असते की, मुलाने तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांच्या परदेशी-विद्यार्थी कचेरीला लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. ओळखीच्या मुलाने तोंडी दिलेला दिलासा सीमेवरच्या अधिकाऱ्याला दाखविता येत नाही.

हे सारे कागद तसे फार जुने नाहीत. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघून अमेरिकेस वैद्यक शिकावयास गेल्या, तेव्हा त्यांना विद्यार्थी म्हणून कोणाचा व्हिसा घ्यावा लागला नाही. पंडिता रमाबाई तर दुसऱ्या देशात शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे आपल्याकडील आद्य उदाहरणच म्हणावयास हरकत नाही. त्या इंग्लंडात शिकत व शिकवीत होत्या. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदान-समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथेच बालोद्यान-शिक्षणाची पद्धत शिकण्यास राहिल्या. अर्थात परवान्याविना कोणीही कोठेही जाई, असा काळ कधीच नव्हता. आपल्या भाषेत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. कॅथलिक म्हणून मायदेशी राहणे कठीण, त्यामुळे ते रोमला जाऊन येशूसंघात दाखल झाले, आणि १५७९ साली गोव्यास निघाले ते लिस्बनहूनच. कारण पूर्वेकडे जाणाऱ्या धर्मप्रसारकाने पोर्तुगालच्या राजाच्या संमतीने त्याच बंदरातून जावे, असा दंडक होता. परंतु प्रत्येक प्रवाशाच्या खिशात छायाचित्राचा पासपोर्ट आला तो १९१४ च्या महायुद्धापासून. युद्धकाळापुरते म्हणून घातलेले निर्बंध युद्ध संपल्यावरही उठले नाहीत.

हा बदल होत असतानाच आमच्या बडोद्याच्या पैशाने एक मराठी विद्यार्थी दोन परक्या देशांत शिकत होता. त्याची हकिगत सर्वांनी ऐकलेली असते. परंतु तिच्यातील एक पान ख्रिस्ती वाचकांच्या सहसा वाचनात येत नाही.

४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. महाराज सयाजीरावांच्या दरबारातून दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळावयाची, आणि परत आल्यावर त्यांनी दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावयाची. त्याच जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे मित्र झाले, आणि ही मैत्री जन्मभर टिकली. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली त्यांनी अटलांटिक ओलांडला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला. आजच्या भाषेत हा विद्यार्थी आता दुसऱ्या देशात होता. त्यांनी अमेरिका सोडल्यावर काही महिन्यांनीच, फेब्रुवारी १९१७ मध्ये, त्या देशाने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला. विद्यार्थ्यांना मात्र त्यातून वगळले होते. इतकी कठोर मनोवृत्ती असतानाही शिकावयास येणाऱ्यापुरते दार किलकिले ठेवावे, एवढे भान त्या कायद्याला होते, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याहून बोलावणे आले. लंडनच्या संस्थेने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली, आणि आंबेडकर कराराप्रमाणे निघाले. त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती ती जर्मन पाणबुडीने बुडविली. ते मात्र सुखरूप मुंबईस आले, आणि १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गाडीत बसले.

दोन खंडांतील बंदरे, युद्धाने पेटलेला समुद्र, तीन देशांचे अधिकारी. या सगळ्यांतून तो विद्यार्थी पार पडला होता. अडला तो बडोदे स्टेशनाबाहेर. येथील हिंदू खाणावळी अस्पृश्याला जागा देणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. टांगेवाल्याने त्यांना कॅम्पातील एका पारशी धर्मशाळेत नेले. तेथील रखवालदाराच्या लक्षात आले की, हा गृहस्थ पारशी नाही. धर्मशाळा फक्त पारशांसाठी. वहीत पारशाचेच नाव लागावयास हवे. अखेर तोड निघाली ती अशी की, त्यांनी एक पारशी नाव घ्यावे, ते वहीत चढवावे आणि दररोज दीड रुपया भाडे द्यावे. विजेचा दिवा नाही, सोबतीला माणूस नाही, वटवाघळांनी भरलेल्या त्या ओसाड माडीवर संस्थानाचा हा पदवीधर खोट्या नावाने राहू लागला. तो दिवसा महालेखापालाच्या कचेरीत जाई आणि संस्थानाकडून बंगला मिळेल या आशेवर रात्री कंदिलाशी वाचीत बसे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले. त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले.

ही हकिगत स्वतः बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीत लिहिली. त्यांच्या हयातीत ती पुस्तकरूपाने आली नाही; १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती छापली. तिचे नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. परदेशच्या व्हिसाचा तिच्यात एक शब्दही नाही. आपल्याच गावात, आपल्याच माणसांच्या दारात प्रवेशाच्या परवान्याची वाट पाहणे म्हणजे काय, ते तिच्यात आहे.

आता ते पान. त्या दिवशी बाबासाहेबांपुढे दोनच घरे होती. एक हिंदू मित्राचे आणि दुसरे एका भारतीय ख्रिस्ती मित्राचे. हिंदू मित्र फार भला माणूस. त्याला दुःख झाले, संतापही आला, परंतु तुम्ही घरी आलात तर आमचे नोकर काम सोडतील, अशा अर्थाचे बोल त्याच्या तोंडून गेले. मग उरला तो ख्रिस्ती मित्र. त्याने पूर्वी एकदा राहावयास बोलाविलेही होते. राहणीचा मेळ बसणार नाही म्हणून बाबासाहेबांनीच तेव्हा नको म्हटले होते. आता ते त्याच्या दारी गेले. त्याने उत्तर दिले की, पत्नी उद्या बडोद्यास येत आहे, तिला विचारावे लागेल. ही केवळ शिष्टाईची भाषा होती, हे बाबासाहेबांना मागाहून कळले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण. धर्मांतराने पतीचे विचार उदार झाले होते. पत्नीच्या मनातील सोवळे मात्र सुटले नव्हते, आणि अस्पृश्याला घरात घेण्यास ती कबूल झाली नसती. दुपारी चार वाजता ते त्या घरातून बाहेर पडले. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले. त्या जागी आज संकल्पभूमी आहे.

आम्ही हे पान मुद्दाम सांगत आहो. वाचकांतील काहींना ते रुचणार नाही. कोणी म्हणेल, तो मित्र कोणत्या पंथाचा होता कोण जाणे. असा पंथाचा आडोसा शोधण्याची इच्छा आम्हांस होत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुऊन जावयास हवे होते ते त्या घराच्या उंबरठ्यावर शिल्लक राहिले होते, आणि आमच्या समाजातील कित्येक घरांच्या, विवाहांच्या, कबरस्तानांच्याही बाबतीत ते दीर्घकाळ शिल्लक राहिले, हे जाणत्यांस सांगावयास नको. पारशी समाजाविषयीही या हकिगतीवरून सरसकट मत बनविणे योग्य होणार नाही. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांबरोबर त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते नवल भथेनाच. लंडनहून त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव घातले आणि १९२३ साली लंडनची डी. एस्‌सी. मिळविली. दारे उघडत गेली. बडोद्यात मात्र अकरा दिवसांपलीकडे त्यांना छप्पर मिळाले नाही.

बडोद्याच्या त्या धर्मशाळेतील वही आम्हांस आजही आठवते, कारण तशीच एक वही आज प्रत्येक यजमानाला ठेवावी लागते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि शहराच्या आसपासच्या नव्या खाजगी विद्यापीठांत आज अनेक देशांची मुले शिकतात. त्यांतील काही १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येतात. १९१३ साली बडोद्याने एक विद्यार्थी जगात पाठविला. आज जग आपले विद्यार्थी बडोद्यास पाठवीत आहे. या मुलांचे कागद ते असे. प्रवेशपत्र आणि खर्चाची तरतूद दाखवून विद्यार्थी-व्हिसा मिळतो. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. ती आता संगणकावरून होते. नेपाळ आणि भूतान येथील मुलांना व्हिसा लागत नाही. आणि ज्याच्या छपराखाली परदेशी माणूस मुक्कामास येईल त्याने, मग तो हॉटेलवाला असो, वसतिगृह असो, की साधा घरमालक असो, २४ तासांच्या आत सरकारला कळवावयाचे असते. या कागदाला वर्षानुवर्षे लोक 'सी फॉर्म' म्हणत आले आहेत.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा देशात अमलात आला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० सालचे चार जुने कायदे रद्द झाले. त्यांतील १९२० चा पासपोर्ट कायदा बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला गेले त्याच वर्षीचा. नव्या कायद्यातही घरमालकाचे आणि विद्यापीठाचे कळविण्याचे कर्तव्य कायम आहे, आणि ते टाळणे दंडास पात्र आहे.

हे कर्तव्य काही आम्ही वाईट मानीत नाही. कोण कोठे राहतो हे राज्याला ठाऊक असावे, यात अन्याय नाही. अपघात झाला, आजार झाला तर त्या मुलाच्याच हिताचे ते असते. आमचे दुखणे निराळे आहे. रविवारच्या इंग्रजी मिस्सेला आफ्रिकेतील काही मुले मागच्या बाकांवर बसतात. गाण्यात त्यांचा आवाज आमच्या गायनवृंदाहून वरचढ असतो, हे गायनवृंदाने मनास लावून घेऊ नये. त्यांतील एकाला खोली हवी होती म्हणून आम्ही आमच्याच धर्मग्रामातील चार-पाच घरी शब्द टाकला. कोणीही नाही म्हटले नाही. एकाने सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारतो म्हटले. दुसऱ्याकडे रंगकाम निघाले. तिसऱ्या घरी मटण-मासळीचा प्रश्न आला, आणि तो प्रश्न आमच्या माणसाने करावा याचे आम्हांस हसू आवरेना. सर्वांत आवडते उत्तर मात्र पोलिसांच्या कागदांचे लचांड नको, हेच होते. एका घरात तर अगदी तेच शब्द आले: पत्नीला विचारावे लागेल.

पोलिसांच्या लचांडाचे हे उत्तर सर्वांत पोकळ आहे. घरमालकाने एकदा सरकारी संकेतस्थळावर स्वतःची नोंद करावयाची. नंतर मूल राहावयास आले की त्याच्या पासपोर्टचा व व्हिसाचा तपशील भरावयाचा. चहा निवण्याआधी काम आटोपते. याच घरांतील मुले मेलबर्नला आणि टोरंटोला परक्यांच्या घरी भाड्याने राहतात, आणि तेथील मालकाने कातडीचा रंग पाहून नकार दिला तर इकडे आईच्या डोळ्यांस पाणी येते. त्या पाण्याविषयी आम्हांस आदरच आहे.

पवित्र सभेने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. १ ऑगस्ट १९५२ रोजी पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांविषयीचा 'एक्झुल फॅमिलिया' हा आदेश काढला. इजिप्तला पळून गेलेले पवित्र कुटुंब हे सर्व परागंदा कुटुंबांचे आदिरूप होय, अशी त्याची धारणा. २००४ साली व्हॅटिकनने याच विषयावर जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात परदेशी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. योसेफ आणि मरिया यांना बेथलेहेमात जागा का मिळाली नाही, हे नाताळात आपण लहान मुलांकडून नाटकात वदवून घेतो. धर्मशाळेचा मालक होण्यासाठी मुलांत चढाओढ असते, कारण त्याला दाढी लावावयास मिळते आणि दार आपटावयास मिळते.

दार आपटण्यापलीकडेही गोष्टी जातात. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादेस गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात रमझानची नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला आणि त्यांतील काही जखमी झाले. त्या मुलांचे व्हिसा सरकारने दिलेले होते, नोंदणी झालेली होती, वसतिगृहही विद्यापीठाचेच होते. त्या आठवड्यात आमच्याकडे येणारी दोन मुले बाजारातून उजेडी परतू लागली. त्यांनी तक्रार केली नाही. आम्ही विचारले तेव्हा अभ्यास फार आहे म्हणाली.

ज्या मुलाच्या खोलीसाठी आम्ही हिंडलो त्याला अखेर जागा मिळाली ती एका विधवा मराठी बाईंच्या घरी. त्या आमच्या धर्मग्रामातील नव्हेत. हळदीकुंकू करणाऱ्या, देवघरात समई लावणाऱ्या आहेत. त्यांनी एकच अट घातली: चपला बाहेर काढावयाच्या. कागद भरताना त्यांना मुलाचे नाव वाचता येईना, तेव्हा त्यांनी त्याला ते तीनदा म्हणावयास लावले आणि आपल्या भाडेवहीत देवनागरीत जसे ऐकू आले तसे लिहून घेतले. वहीत त्याचे स्वतःचेच नाव आहे.

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले आहे. ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी असेल त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या कचेरीत यावे. संगणकावरील नोंद करून देण्यास युवक-संघाची दोन मुले तेथे बसतील. येताना ओळखपत्र आणि घराच्या पत्त्याचा पुरावा आणावा. पत्नीला विचारावयाचे असेल तर तिला बरोबरच घेऊन यावे.